कुंचल्याच्या वळणाचा फॉन्ट निवडताना

पत्रिका किंवा पाटी करायला आलेले बरेच ग्राहक मोबाईलवर एखादा फोटो दाखवून म्हणतात, "असंच हाताने लिहिल्यासारखं अक्षर पाहिजे." त्यालाच ब्रश फॉन्ट म्हणतात. कुंचला दाबला की रेघ जाड, उचलत नेला की बारीक आणि रंग संपत आला की टोकाला केसांसारख्या रेघा, हे सगळे त्यात उतरलेले असते.

हे अक्षर नावासाठी आहे. वधू-वरांची नावे, दुकानाचे नाव, मिठाईच्या बॉक्सवरचे 'कुंदा' असे दोन अक्षरी शब्द यांत ते फार खुलते. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता आणि निमंत्रकांची यादी मात्र साध्या फॉन्टमध्येच घ्या. आजोबांना चष्मा लावूनही तारीख वाचता आली नाही, तर पत्रिकेचे काम झाले नाही.

नमुन्यातले 'शुभविवाह' बघून फॉन्ट ठरवू नका, आपली नावे टाकून बघा. 'मीना' कुठेही छान दिसते. कस लागतो तो 'श्रद्धा' आणि 'ज्ञानेश्वर' लिहिताना. पत्रिकेत येळ्ळूरसारखे गावाचे नाव असेल तर तो 'ळ्ळ' आधी तपासा, कारण हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये 'ळ' कसाबसा उरकलेला असतो. आपण शाळेत गिरवलेला देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल'सुद्धा त्यात वेगळ्याच वळणाचा येतो. आमच्या मते मराठी पत्रिकेत मराठी वळणच शोभते, म्हणून अशी अक्षरे आम्ही हाताने दुरुस्त करून देतो.

नाव लांब दिसावे म्हणून अक्षरांत जागा वाढवायला सांगू नका. शिरोरेषा तुटते आणि हाताचा ओघ जातो. सोनेरी फॉइल किंवा स्क्रीन प्रिंटिंग करायचे असेल तर कोरड्या ब्रशचा फॉन्ट टाळा. त्या बारीक रेघा भरून जातात किंवा उमटतच नाहीत.

दुकानाच्या पाटीसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड लागते, त्यामुळे मराठी नावाला जागा कमी मिळते. कन्नड अक्षर गोल, त्याला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही. दोन्हींच्या रेघेची जाडी सारखी ठेवली की पाटी एका हातची वाटते. एवढ्या कमी जागेत नाजूक ब्रश रस्त्यावरून वाचता येत नाही, तिथे जाड कुंचलाच घ्या. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला 'यात्रा वन' हा फॉन्ट अशा ठिकाणी चांगला चालतो. तो आणि हस्ताक्षरी 'कलम' हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. विकतचा फॉन्ट हवा असेल तर परवान्याचा खर्च आधीच सांगू.

नावे कागदावर लिहून देण्याऐवजी व्हॉट्सॲपवर मराठीत टाईप करून पाठवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका टळतात. तीन फॉन्टमधले नमुने आम्ही छापायच्या कागदावरच काढून देतो. ते घरी न्या, मोठ्यांना दाखवा, मग पक्के करा.