गच्चीवरचं इंजिन आणि त्याचे दोन बॉयलर

नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर रूळ गोल मांडायला घेतले की खालच्या मजल्यांवरची पोरं न बोलावता वर येतात. रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. माथेरानच्या गाडीचं ६१० मिलिमीटर, त्याला १९ ने भागा. इंजिन त्याच मापाचं, जेमतेम फूट-दीड फूट. पण आत पाणी खरं, आग खरी, वाफही खरी. कोळशाऐवजी छोट्या शेगडीच्या डब्यातला ब्युटेन गॅस, एवढाच फरक.

आधी तेल, मग पाणी, शेवटी गॅस. हा क्रम चुकवायचा नाही. पाणी डिस्टिल्ड, म्हणजे क्षार साचत नाहीत. गॅस भरताना डबा उलटा धरायचा, द्रवरूप गॅस इंजिनाच्या टाकीत उतरतो. भरला की जागा बदलायची. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, कठड्याच्या कोपऱ्यात तो दबा धरून बसतो आणि तिथेच लायटर पेटवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मग व्हॉल्व्ह किंचित उघडून धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरायची. ‘फप्’ असा आवाज होतो आणि आग उलटी आत पळत जाऊन बॉयलरच्या पोटातल्या नळीत, बर्नरवर बसते. पाच-सात मिनिटांत वाफेच्या दाबाचा काटा दर चौरस इंचाला ४० पौंडांवर येतो, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागतो. आत पाणी आता १४० अंशांच्या आसपास असतं.

अशा वेळी मी पोरांना गॅसच्या टाकीला बोट लावायला सांगतो. गारेगार! वर दंवाचे थेंब. वीतभर अंतरावर बॉयलर तापलाय आणि हिला घाम फुटलाय.

कारण ही टाकीसुद्धा एक बॉयलरच आहे. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे आपल्या हवेत त्याला चूल लागत नाही. पण द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागतेच. ती तो टाकीच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढतो. पत्रा गार पडतो, आणि ठाण्याची दमट हवा त्यावर पाणी सोडते.

थंड देशांत याचाच त्रास होतो. टाकी गार, दाब कमी, ज्योत मलूल. म्हणून तिकडची मंडळी टाकीभोवती कोमट पाणी ठेवतात किंवा ती बॉयलरच्या उबेला बसवतात. आमचं दुखणं नेमकं उलटं. २० अंशांना या टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार दाब जास्त असतो. ३५ अंशांना तो दुपटीहून अधिक होतो. एका मे महिन्यात इंजिन उन्हात ठेवून मी जेवायला गेलो. परत येऊन पेटवलं, तर ज्योत बर्नरवर बसेचना. नुसती किंचाळत होती. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला तेव्हा कुठे ती शांत झाली. तेव्हापासून गाडी ऊन उतरल्यावरच.

आणखी एक करामत तेलाच्या डबीत. वाफ तिच्यात शिरते, थंड होऊन पाणी होते, जड म्हणून तळाशी जाते. तितकंच तेल वर उचललं जातं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये पोचतं. पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. मला तर हे इंजिनापेक्षा हुशार वाटतं.

सुरुवातीला चाकं अडतात. सिलिंडर गार असतो, वाफेचं आत पाणी होतं आणि पाणी काही दबत नाही. हाताने मागे-पुढे ढकललं की धुराड्यातून तेलकट पिचकारी उडते (शर्ट जुना घालावा) आणि गाडी चालू लागते.

टाकी मुद्दामच एवढीशी असते, पाण्याआधी गॅस संपावा म्हणून. आग विझते, उरलेल्या वाफेवर गाडी एखाद-दुसरी फेरी मारते आणि थांबते. गार झाल्यावर मी सिरिंजने डबीतलं पाणी ओढतो, दुधासारखं पांढरट. कोण ओढणार यावर पोरांची भांडणं ठरलेली.