मृतसाठा

धरणातून नेहमीच्या वापराचे पाणी कालव्यात सोडणाऱ्या दारांना एक उंबरा असतो. त्या उंबऱ्याच्या खाली जे पाणी राहते, तो मृतसाठा. वरच्या पाण्याला उपयुक्त किंवा जिवंत साठा म्हणतात. वर्तमानपत्रात रोज छापून येणारी धरणाची टक्केवारी या उपयुक्त साठ्यावरच काढलेली असते. त्यामुळे दुष्काळी वर्षी 'उजनी उणे ४०' असा चमत्कारिक वाटणारा आकडा वाचायला मिळतो. उणे म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे. हिशेबातले पाणी संपून हिशेबाबाहेरचे पाणी उपसायला सुरुवात झाली, एवढाच त्याचा अर्थ.

ही जागा मुळात गाळासाठी सोडलेली असते. नदी दरवर्षी माती आणते, ती तळाशी बसते आणि वरची साठवण काही वर्षे शाबूत राहते. जलविद्युत प्रकल्प असेल तर यंत्रावर पाण्याचा पुरेसा दाब राहण्यासाठीही एका पातळीखाली पाणी उतरू देत नाहीत. 'मृत' हा शब्द अभियंत्यांचा आहे. त्या पाण्यात मासे जगतात आणि काठावरची गावे त्याच्यावर तगतात, म्हणून तो शब्द खटकतो.

मृतसाठ्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भीमा नदीवरचे उजनी धरण. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी.) त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी मृत आणि सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त. म्हणजे निम्म्याहून अधिक धरण कागदावर मृतच आहे. उजनी उणे ५० टक्क्यांवर आले तरी त्यात सुमारे ३७ टीएमसी पाणी उरते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या आसपास असतो. नदीकडचे दार कालव्याच्या उंबऱ्याहून खाली असल्याने या भरवशावरच उजनी उणे असतानाही सोलापूरसाठी नदीत पाणी सोडले जाते. मात्र नदीतून जाणाऱ्या पाण्यातले बरेचसे वाळूत मुरते, उन्हात उडते आणि वाटेतल्या मोटारी ओढतात. शहराच्या नळापर्यंत त्यातला थोडाच वाटा पोचतो.

पाणी उतरू लागले की उजनीच्या बुडीत क्षेत्रातले रोजचे जगणे बदलते. काठावरच्या ऊस-केळीच्या बागायतदाराची मोटार कोरड्यावर पडते. मग मोटार पुढे न्यायची, पाइप जोडायचे, केबल वाढवायची. आठवड्याने पाणी आणखी हटलेले असते. शेवटी चार-पाच जण मिळून पोकलेन आणतात आणि गाळातून पाण्यापर्यंत चर खोदतात. भेगाळलेल्या तळावर शिंपल्यांचा खच पडलेला असतो, त्यातून केबल ओढत नेताना पाय सोलतात. धरणातून सोलापूर शहरासाठी पाणी उपसणाऱ्या विहिरीला, म्हणजे जॅकवेललाही हीच कसरत करावी लागते. पाणी आधी उचलून जॅकवेलमध्ये टाकायचे आणि तिथून पुन्हा पुढे उपसायचे. याला दुबार पंपिंग म्हणतात. तेच पाणी दोनदा उचलायचे म्हणजे विजेचे बिल वाढते, तेही पाणी कमी मिळत असताना. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे धरणात बुडालेले प्राचीन मंदिर अशा वर्षी पूर्ण उघडे पडते. लोक ते पाहायला जातात, त्यात वावगे काही नाही. पण त्याच्या पायऱ्या दिसणे ही पुढच्या हंगामाची वाईट बातमी असते.

उजनीसारखी खोल शिल्लक सगळ्यांच्या नशिबी नसते. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा मृतसाठाही २०१६ मध्ये आटला. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या 'जलदूत' गाडीत दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे वाघिणी पन्नासवर गेल्या. एवढे करूनही एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येई. लाखोंच्या शहराला ते माणशी काही लिटरच पडते.

धरणे आटल्याचा विजेवरचा परिणाम दोन वाटांनी होतो. औष्णिक केंद्राला वाफेसाठी आणि यंत्रणा थंड ठेवण्यासाठी सतत पाणी लागते. परळीचे केंद्र गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी घेते. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो स्रोत आटला आणि १,१३० मेगावॉटचे सगळे संच बंद करावे लागले. २०१५ च्या जुलैत तीच पाळी पुन्हा आली. त्याची झळ वीजनिर्मितीपुरती राहिली नाही. केंद्रावर पोट असलेले कंत्राटी कामगार, ट्रकवाले आणि राखेपासून विटा पाडणारे यांचे कामही त्याबरोबर थांबले.

दुसरी वाट जलविद्युतेची, आणि तिथे कोयनेची गोष्ट वेगळी. १०५.२५ टीएमसीच्या तिच्या शिवाजीसागर जलाशयात मृतसाठा सुमारे पाचच टीएमसी आहे. इथे खरा पेच आहे तो पाणी कोणत्या दिशेने सोडायचे हा. पश्चिमेला सह्याद्री उतरून कोकणात पडणाऱ्या पाण्यावर १,९६० मेगावॉटच्या या प्रकल्पातली जवळजवळ सगळी वीज तयार होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेला सोडलेले पाणी पायथ्याच्या ४० मेगावॉटच्या वीजगृहातून कृष्णेकडे, सांगलीकडे जाते. पाणी तेवढेच, पण पूर्वेला ते फक्त धरणाच्या उंचीवरून पडते, त्यामुळे वीज कितीतरी कमी होते. दुष्काळी वर्षी नदीकाठ तहानलेला असतो आणि पूर्वेची मागणी वाढते. ती टाळता येत नाही, टाळूही नये. मग त्याच पाण्याला टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पंप वीज खर्चून वर चढवतात. एका हाताने वीज सोडून द्यायची आणि दुसऱ्या हाताने खर्चायची, असा हा व्यवहार आहे.

प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला पाणी मिळावे आणि धरणाची पातळी उतरली तरी त्याची वीज चालू राहावी म्हणून कोयनेत जलाशयाखालून बोगदे खणत नेले गेले आणि अखेरचा खडक सुरुंगाने उडवला गेला. हे लेक टॅपिंग १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी झाले. तळाकडचे पाणी हाताशी आणणारी ही मोठी कामगिरी होती. मात्र त्यातून धरणात पाण्याचा एक थेंबही वाढत नाही.

कायद्याच्या भाषेतही मृतसाठ्याला जागा नाही. गोदावरी खोऱ्यातल्या समन्यायी वाटपात, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांतल्या पाण्याच्या न्याय्य वाटणीत, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचे असते. जायकवाडीच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या, तळचे सुमारे २६ टीएमसी या टक्केवारीत धरत नाहीत. 'तुमच्याकडे मृतसाठा आहे की' हा वरच्यांचा युक्तिवाद दर तुटीच्या वर्षी ऐकू येतो. तो मान्य केला तर अडीअडचणीची शिल्लक नेहमीच्या पुरवठ्यात जमा होईल आणि लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला तर मराठवाड्याच्या पिण्याच्या पाण्याला मागे काहीच उरणार नाही.

उपसलेला मृतसाठा पुढच्या पावसाळ्यात आधी फेडावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५९ टक्क्यांपर्यंत खाली गेले. तिथून टक्केवारीचा काटा शून्यावर यायलाच ३१ टीएमसीहून अधिक पाणी लागले. त्या वर्षी भीमा खोऱ्यात पाऊस चांगला झाला आणि धरण भरले. ती फेड चालू असताना जून-जुलैत सोलापूरच्या माळावर खरिपाची पेरणी झालेली असते आणि शेतकरी मोबाइलवर रोजचा आकडा पाहतो: उणे ४८, उणे ४१, उणे ३३.