घडीचा आपत्ती-निवारा: पेटंट की डिझाइन, आणि अर्ज नेमका अडतो कुठे

तासाभरात उभा राहणारा निवारा तयार झाला की बहुतेक जण एकच अर्ज भरतात, आणि तोही चुकीचा. डिझाइन नोंदणी (डिझाइन्स ॲक्ट, 2000) डोळ्यांना दिसणारं रूप तेवढं जपते. बांबूचा सांधा किंवा पाणी मारलं की कडक होणारं सिमेंटचं कापड वाचवायचं तर पेटंटच हवं. दोन्ही हवं असेल तर अर्जही दोन.

डिझाइनसाठी वस्तू कारखान्यात बनून सुटी विकली जाणारी असावी. जागेवर बांधायची इमारत दाखवलीत तर आक्षेप ठरलेला. नोंदणीत वस्तूंचे ठरलेले वर्ग असतात: तंबू 21-04 वर्गात जातो, तयार घर 25-03 मध्ये. सहा बाजूंची सहा आणि तिरक्या कोनातून एक, अशी साधारण सात चित्रं देतात. आर्किटेक्टचं ड्रॉइंग जसंच्या तसं चिकटवू नका, चित्रावर मापं आणि भागांची नावं चालत नाहीत.

पेटंटमध्ये घात करतं पेटंट कायद्याचं कलम 3(एफ): माहीत असलेल्या, आपापलं काम वेगळं करणाऱ्या वस्तूंची नुसती जुळणी म्हणजे शोध नव्हे. ताडपत्री, बांबू आणि सोलर दिवा एका पिशवीत घातले की ‘किट’ होतं, शोध होत नाही. कमीजास्त जाडीचे बांबू तुमचा सांधा कसा धरतो आणि किती किलो भार पेलतो, हे आकड्यांत लिहा.

बरेच अर्ज मरतात ते आधीच टाकलेल्या व्हिडिओमुळे. आधी दाखवलं आणि मग अर्ज केला, की नावीन्य संपलं. डिझाइनला प्रदर्शनाची सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. तीही आधी फॉर्म 9 (प्रदर्शनाची पूर्वसूचना) दिला आणि मांडल्यापासून 6 महिन्यांत अर्ज केला तर. नमुना अर्धवट असेल तर पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, मग दाखवा. पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो.

मुदतीचा घोळ नेहमीचाच. डिझाइनचे आक्षेप दूर करायचे 6 महिने अर्जाच्या तारखेपासून मोजतात, आक्षेपाचं पत्र हाती पडल्यापासून नव्हे. पत्र उशिरा आलं तरी घड्याळ थांबत नाही, म्हणून 3 महिन्यांची वाढ वेळेत मागा. पेटंटची तपासणी आपोआप होत नाही. त्यासाठीचा फॉर्म 18 प्राधान्य तारखेपासून (म्हणजे त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) 31 महिन्यांत भरावा लागतो.

व्यक्तीला ऑनलाइन शुल्क: पेटंट अर्ज 1,600, तपासणी 4,000, डिझाइन 1,000 रुपये.

आणि हमखास नसणारा कागद म्हणजे हक्काचा पुरावा. अर्जदार कॉलेज असेल तर प्रत्येक शोधकर्त्याची सही किंवा हस्तांतरपत्र 6 महिन्यांत द्यावं लागतं. तोवर टीममधला एक बंगळुरूला नोकरीला, दुसरी जर्मनीत. सह्या प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवशीच घेऊन ठेवा.