सदतिसाला एक: गोव्याच्या पहिल्या रेल्वेचा चढ

घाटाच्या पायथ्याचे कुळे ते माथ्यावरचे कॅसलरॉक हे अंतर रेल्वेने जेमतेम 26 किलोमीटर. पण मुरगाव बंदरातला कोळसा भरून निघालेली मालगाडी या टप्प्यावर येते तेव्हा तिला पुढे-मागे मिळून चार-पाच इंजिने लागतात. दूधसागर पाहायला गेलेल्यांपैकी अनेकांनी ही गाडी पाहिली असेल. इतकी इंजिने का, याचे उत्तर लंडनमध्ये 1881 साली स्थापन झालेल्या एका कंपनीपर्यंत जाते.

तिच्याही आधी 1878 सालचा तह आहे. पोर्तुगालला मुरगावचे बंदर बांधून ते रेल्वेने ब्रिटिश हिंदुस्थानला जोडायचे होते. ब्रिटिशांना गोव्याचा जकातीचा आणि मिठाचा कारभार आपल्या व्यवस्थेत आणायचा होता. तह झाला आणि गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. रेल्वेसाठी गोव्याने मोजलेली पहिली किंमत हीच, आणि ती मोजली ती मिठागरांत राबणाऱ्या माणसांनी. रेल्वेचा इतिहास सांगताना हे राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ हे त्या कंपनीचे नाव. भांडवल मुख्यतः इंग्लंडमधले, त्यावरच्या परताव्याची हमी लिस्बनच्या सरकारची. मुरगावहून निघालेला मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग 1887 मध्ये सावर्ड्यापर्यंत सुरू झाला आणि 1888 मध्ये घाट चढून कॅसलरॉकला पोचला. तिथे ‘सदर्न मराठा रेल्वे’चे रूळही मीटरगेजच होते, त्यामुळे वाघिणी (मालडबे) थेट पुढे जाऊ शकत होत्या.

सह्याद्री कोकणच्या बाजूला कड्यासारखा तुटलेला आहे. कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंत साधारण 500 मीटर उंची गाठायची. त्या काळी बोगदा खणायचा तर हातोडा, छिन्नी, सुरुंग आणि माणसांचे हात हीच मुख्य साधने. त्यामुळे डोंगर फोडण्यापेक्षा त्याच्या सोंडांना धरून वळसे घेत वर जाणे परवडत होते. मीटरगेजला वळणे जास्त तीव्र घेता येतात, तीही सोय होतीच. एवढे करून चढ बसला तो 37 मीटरला 1 मीटर.

रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवणारही नाही. रेल्वेचे तसे नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. सपाटीवर एक टन वजन सावकाश चालते ठेवायला दोन-तीन किलो वजनाएवढा जोर पुरतो. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळेच. पण 37 मीटरला 1 मीटर चढ आला की दर टनामागे आणखी 27 किलोंचा जोर लागतो. एकदम दहापट!

आता 5,000 टनांची गाडी घ्या. नुसत्या चढासाठी 135 टन वजन तोलण्याइतकी ओढ हवी. एक इंजिन साधारण 120 टनांचे. कोरड्या रुळावर त्याची चाके न घसरता वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के, म्हणजे 30 ते 36 टन ओढ देऊ शकतात. इंजिनाची शक्ती कितीही वाढवा, चाकाची रुळावरची पकड सुटली की ते जागच्या जागी गरगरते. चढाचे 135 टन, त्यात सपाटीवरचे घर्षण आणि इंजिनांचे स्वतःचे वजन धरले की हिशेब पाच इंजिनांवर येतो. आणि हे कोरड्या दिवसाचे गणित झाले. हा घाट ज्यातून जातो त्या मोलेच्या रानात पावसाळा कसा असतो हे गोव्यात कुणाला सांगायला नको. ओल्या रुळावर पकड झपाट्याने घटते, म्हणून इंजिनातून चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते.

सगळी इंजिने पुढे लावत नाहीत, कारण मग पहिल्या काही वाघिणींच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, सगळा ताण येऊन ते तुटू शकते. मागची बँकर इंजिने ढकलतात आणि ताण वाटला जातो. समजा कपलिंग तुटलेच, तर सुटलेल्या वाघिणी मागे धावू नयेत म्हणूनही ती मागेच बरी. उतारावर धोका उलटा, ब्रेक कमी पडण्याचा. त्यासाठी घाटात चढावर जाणारे आडरूळ ठेवलेले असतात. ताबा सुटलेली गाडी तिकडे वळते आणि तो चढच तिला थांबवतो.

कंपनीचे पुढे फारसे बरे झाले नाही. 1892 मध्ये तह संपला. कॅसलरॉकच्या पुढच्या लोंढ्याहून पुण्याकडे रेल्वे गेली आणि मुरगावला येऊ शकणारा बराच माल मुंबईकडे वळला. हमीचा भार लिस्बनवर राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठाकडे गेले. 1955 मध्ये सीमेवरची वाहतूकच थांबली, ती गोवामुक्तीनंतर भारतीय रेल्वेखाली पुन्हा चालू झाली. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. चढ मात्र तोच राहिला.

त्याच दशकात गोव्यात दुसऱ्या एका कंपनीचे रूळ पडले. 1990 मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने चढाची मर्यादा 150 मीटरला 1 मीटर ठेवली. तिथे टनामागे जादा जोर सात किलोही लागत नाही. पण सौम्य चढाचा आग्रह धरला की डोंगराला वळसा घालता येत नाही, तो पोखरावाच लागतो. आणि मार्ग सखल भागातून न्यावा लागतो. गोव्यात सखल भाग म्हणजे खाजन जमिनी (खाडीकाठी बांध घालून केलेली शेते) आणि वस्ती. मार्गाविरुद्ध इथे आंदोलन झाले ते याच प्रश्नावर. पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा तर मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतून काढावा लागला आणि त्याने वर्षानुवर्षे दमवले. ऑगस्ट 2020 मध्ये त्याची भिंत ढासळली, जुलै 2024 मध्ये आत पाणी शिरून गाड्या अडल्या.

दोन्ही कंपन्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. कोकण रेल्वेला घाटमाथ्यावर जायचेच नव्हते. 5,000 टन 500 मीटर वर न्यायला, बाकी सगळी घट सोडून, सुमारे 6,800 युनिट ऊर्जा लागतेच, चढ कसाही आखा. सौम्य चढाने एवढेच होते की ती सावकाश खर्चता येते आणि इंजिने कमी लागतात. पण 150 ला 1 या चढाने ती उंची गाठायला 75 किलोमीटर रूळ लागतील. घाटातल्या रुळांच्या जवळपास तिप्पट, आणि तेही सगळे जंगलातून.

म्हणूनच कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाचा वाद मला महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये या टप्प्याला रेल्वेच्या जाळ्यातला सर्वांत अकार्यक्षम टप्पा म्हटले, आणि प्रकल्पाला आधी मिळालेली वन्यजीव मंजुरी मे 2022 मध्ये न्यायालयाने रद्द केली. दुसरा रूळ टाकल्याने जास्त गाड्या जातील हे खरे, पण त्यातल्या प्रत्येक भरल्या गाडीला तितकीच इंजिने लागणार. या घाटासाठी पुन्हा प्रस्ताव आला तर त्यात किती गाड्या जातील याच्या शेजारीच, एका इंजिनामागे किती टन माल वर जाईल आणि त्यासाठी किती रान तुटेल, हेही छापलेले असायला हवे.