घरातला कॅमेरा आणि ऑफिसचा लॅपटॉप एकाच वायफायवर कशाला?

कोथरूडचा जुना टू बीएचके असो नाहीतर वाकडचा नवा टॉवर, चित्र सगळीकडे सारखंच. हॉलच्या कोपऱ्यात फायबरवाल्याने लावून दिलेला राऊटर आणि त्याला जोडलेला हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप, मुलांचे टॅब, टीव्ही, गीझरचा स्मार्ट प्लग, तपकीर गल्लीतून आणलेला स्वस्तातला कॅमेरा, सगळे एकाच नावाच्या वायफायवर आणि एकाच पासवर्डवर. राऊटर बाहेरून आगंतुक येणारं ट्रॅफिक अडवतो हे खरं, पण आतल्या आत कोण कोणाशी बोलतंय याकडे तो बघतच नाही. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा लावला की बाहेरचा बाहेर राहतो, पण एकदा का कोणी आत आलं की चौकातून हव्या त्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन उभं राहतं, तसंच आहे हे.

आणि आत शिरायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे हे स्वस्त कॅमेरे. त्यात छोटा लिनक्स कॉम्प्युटरच असतो, फक्त त्याला वर्षानुवर्षं अपडेट येत नाही आणि कित्येकदा फॅक्टरीतला पासवर्ड तसाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमकं हेच धरलं, साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या कॅमेऱ्यांवर आणि राऊटरवर वापरून बघायच्या, लागली की तो आपला. अशी लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर त्यांच्याकडून मारा झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत बऱ्याच जणांना काही तास उघडेनात.

आता असा कॅमेरा तुमच्या लॅपटॉपच्या शेजारी बसला तर काय करू शकतो? एका लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या आतल्या नेटवर्कमध्ये, उपकरणं एकमेकांना शोधतात ती ओरडून, म्हणजे लॅपटॉप सगळ्यांना विचारतो की राऊटरचा पत्ता कोणाकडे आहे, आणि जो उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवतो. याला एआरपी म्हणतात आणि यात उत्तर देणारा खरा आहे का हे तपासायची सोयच नाही. दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला कॅमेरा 'मीच राऊटर' म्हणाला की लॅपटॉपचं ट्रॅफिक त्याच्यामार्फत जायला लागतं. बहुतेक साइट्स एन्क्रिप्टेड असल्यामुळे मजकूर वाचता येणार नाही, पण तुम्ही कुठे कुठे जाताय हे बरंचसं कळतं, शिवाय घरातल्या हार्ड डिस्कवरचं शेअर फोल्डर, प्रिंटर, राऊटरचं सेटिंग पेज हे सगळं त्याच्यासमोर उघडंच.

यावरचा उपाय मोठ्या ऑफिसांमध्ये कित्येक वर्षं वापरतायत, व्हर्च्युअल लॅन म्हणजे व्हीलॅन, एकाच वायरवर वेगवेगळी नेटवर्क. १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे स्टँडर्ड आलं आणि त्यात ठरलं की इथरनेटच्या (वायरच्या नेटवर्कच्या) फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, ४ बाइटचा एक टॅग घालायचा. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी, म्हणजे ४०९६ नंबर, पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. स्विच, म्हणजे वायरी जोडायचा डबा, नंबर बघतो आणि १० नंबरची फ्रेम २० नंबरच्या पोर्टवर सोडतच नाही, मग वायर एकच असली तरी कॅमेऱ्याची ती ओरड लॅपटॉपपर्यंत पोचत नाही आणि एआरपीची फसवणूक आपोआप बंद. तुमच्या फायबरवाल्याकडेही बहुतेक हेच चालू असतं, इंटरनेट एका व्हीलॅनवर, फोन दुसऱ्यावर, म्हणून तर स्वतःचा राऊटर लावताना कधीकधी त्यांच्याकडून एक नंबर मागून घ्यावा लागतो.

पण इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि बरेच जण तिथेच थांबतात. नंबर वेगळे केले म्हणजे काम झालं असं नाही, कारण घराचा आणि कॅमेऱ्याचा, दोन्ही व्हीलॅन शेवटी राऊटरलाच येऊन मिळतात आणि राऊटरचा धंदाच मुळी एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माल पोचवायचा, त्याला नाही म्हणून सांगितलं नाही तर तो पोचवणारच! खरं संरक्षण त्या मधल्या फायरवॉलच्या, म्हणजे काय जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या नियमांत आहे: घरच्या नेटवर्कमधून कॅमेऱ्याशी बोलता येईल, कॅमेऱ्याला आपणहून घराशी बोलता येणार नाही, फक्त विचारलेल्याचं उत्तर देता येईल.

सुरुवात फुकटात होते. राऊटरमध्ये गेस्ट वायफाय असेल तर ते चालू करा, त्यातला 'लोकल नेटवर्क दिसू दे' असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा आणि कॅमेरा, प्लग, टीव्ही सगळं तिकडे हलवा. फक्त राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये असेल, म्हणजे दुसऱ्या राऊटरला जोडून नुसतं वायफाय देत असेल, तर बऱ्याच मॉडेलमध्ये ही भिंत राहत नाही, तेवढं बघून घ्या. पुढे जायचं असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर) चालणारा राऊटर आणि छोटा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच, साधा स्विच नको कारण तो व्हीलॅन वेगळे ठेवत नाही.

स्पीड वाढेल का, तर नाही, प्लॅन आहे तेवढाच राहणार. उलट प्रत्येक व्हीलॅनला वेगळं म्हणून वायफायची चार-पाच नावं केलीत तर प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची हाळी देतं आणि सोसायटीत आधीच गर्दी असलेल्या २.४ गिगाहर्ट्झवर ते जाणवतं, म्हणून दोन-तीनच्या वर जाऊ नका. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकणंही बंद पडेल, कारण टीव्ही शोधायचा मेसेज २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जातो आणि तो व्हीलॅन ओलांडत नाही. राऊटरवर अवाही नावाचा प्रोग्रॅम टाकून रिफ्लेक्टर, म्हणजे हे मेसेज पलीकडे पोचवायची सोय, चालू केला, आणि फोनकडून टीव्हीकडे जायला नियमात वाट ठेवली, की बहुतेक वेळा जमतं.

सगळं झालं की कॅमेरा ज्या वायफायवर हलवलाय त्याला फोन जोडा आणि लॅपटॉपचं शेअर फोल्डर उघडतंय का बघा, राऊटरचं लॉगिन पेज उघडतंय का तेही बघा, कारण राऊटरमधून पलीकडे जाणं आणि खुद्द राऊटरपर्यंत जाणं यांचे नियम वेगळे असतात आणि दुसरा हमखास राहून जातो. मग हेच आयपीव्ही६ वरूनही, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीवरूनही (जुनी ती आयपीव्ही४) तपासा. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर ते आता चालू असतं, आणि नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहिले असतील तर कॅमेऱ्याला लॅपटॉपपर्यंत जायचा रस्ता तिकडून मोकळाच असतो.