हिजडा समाज आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती: फरक नेमका काय?

ठाणे स्टेशनबाहेर किंवा वाशीच्या सिग्नलला टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी आपण पाहतो. ट्रान्सजेंडर म्हणजे एवढंच, असं मग मनात पक्कं बसतं.

हिजडा किंवा किन्नर समाज ही एक व्यवस्था आहे. त्यात घराणी असतात, गुरू आणि चेला हे नातं असतं. आईबापांनी घराबाहेर काढलेल्या कितीतरी जणींना आसरा तिथेच मिळाला. बधाई (लग्न किंवा बाळाच्या जन्माला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) आणि मंगती (मागून मिळणारे पैसे) ही त्यांची जुनी कमाई. त्यांना गुन्हेगार समजण्यावर सरकारी शिक्का मारला तो इंग्रजांनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, उत्तर हिंदुस्थानात त्यांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा गेला, नजर तीच राहिली.

ट्रान्सजेंडर असणं ही मात्र ज्याची त्याची ओळख. जन्मताना मुलगा किंवा मुलगी अशी जी नोंद झाली, ती स्वतःला पटत नाही. त्यासाठी गुरू करावा लागत नाही. अशी व्यक्ती बँकेत असेल, कॉलेजात असेल, ऐरोलीच्या आयटी कंपनीत असेल. आणि ट्रान्स पुरुष? मुलगी म्हणून वाढवलेला हा पुरुष आपल्या बोलण्यातही येत नाही. टाळीच्या त्या चित्रात तो नाहीच. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला त्याच्या घरच्यांना हमखास मिळतो. माझ्या मते यासारखा क्रूर सल्ला नाही.

हक्कांची लढाई मात्र दोघांची एकच. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी हिजडा समाजातल्या. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठी नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या खटल्यात त्या सहभागी झाल्या. १५ एप्रिल २०१४ च्या त्या निकालाने लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीला दिला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. तेव्हा ‘ही खरी की नकली?’ असं कुणाच्या शरीराबद्दल विचारण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, घरमालकालाही नाही.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या तिसऱ्या कलमात शिक्षण, नोकरी, उपचार आणि भाड्याचं घर यांत ट्रान्सजेंडर व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई आहे. सोसायटीने अशा भाडेकरूकडून तेच कागद मागावेत, जे ती बाकीच्या भाडेकरूंकडून मागते.