खडीच्या रस्त्यावर सायकल : राईडला येण्याआधी हे एकदा वाचून घ्या

राईड बुक करताना जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, किती किलोमीटर? आणि आम्ही दरवेळी तेच सांगतो, किलोमीटर नंतर बघू, आधी चढ किती आहे आणि चाकाखाली काय आहे ते बघा. डांबरी रस्त्यावर आरामात २२-२५ च्या स्पीडने जाणारा माणूस डोंगरातल्या खडीवर दिवसभराचं अ‍ॅव्हरेज काढलं तर १२-१५ वर येतो, चांगला फिट असला तरी. म्हणजे जो ६० किमीचा रूट डांबरावर अडीच-तीन तासांत उरकला असता तो इथे चार-पाच तास खातो, आणि त्यात फोटोला आणि पाण्याला थांबणं वेगळं. म्हणून आमच्या रूटशीटवर तास मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात आणि किलोमीटर बारीक.

चढाईचं गणित सोपं आहे. दर १० किमीला १०० मीटरच्या आत चढाई असेल तर रूट सोपा समजा, २०० च्या पुढे गेली की तो पूर्ण डोंगरातला दिवस. पण नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका, कारण ८०० मीटर चढाई ४ टक्क्यांच्या चढाने २० किमीत सावकाश पण होते आणि १५ टक्क्यांच्या छोट्या छोट्या खड्या चढांनी पण होते, आणि दुसऱ्या प्रकारात सुट्या खडीवर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि अर्धा वेळ सायकल ढकलण्यात जातो. म्हणून उंचीचा ग्राफ बघा, त्यात दाताळ्यासारखी टोकं दिसली की समजून जा.

आता ट्रॅफिक नाही म्हणजे नेमकं कसले रस्ते, तर डोंगराळ भागात ते साधारण चार प्रकारचे सापडतात. बंद पडलेल्या रेल्वेलाईनी, जंगलखात्याचे किंवा लाकूडतोडीचे रस्ते, कालव्याच्या आणि धरणाच्या कडेचे सर्व्हिस रोड, आणि शेताशेतातून जाणाऱ्या गाडीवाटा. पहिल्यांदा येत असाल तर डोळे मिटून रेल्वेवाला घ्या. रेल्वेचं चाक पण लोखंडाचं आणि रूळ पण लोखंडाचा, पकड अगदी कमी, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ झेपतच नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी डोंगर पोखरला, दऱ्यांवर पूल टाकले पण चढ शक्यतो २ टक्क्यांच्या आसपासच ठेवला. त्यांनी ती मेहनत इंजिनासाठी केली आणि आज ती आपल्या मांड्यांच्या कामी येते. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल लाईन १९९० साली बंद झाली, रूळ काढले, खडी अंथरली आणि २००० पासून त्यावर १५२ किमीची सायकलवाट आहे. स्पेनमधे १९९३ पासून जुन्या लाईनींच्या अशा वाटा करायचं काम चालू आहे, त्यातली सिएरा नावाची ३६ किमीची वाट तर अशा लाईनवर आहे की जिच्यावर गाडी कधी धावलीच नाही, बांधून ठेवली आणि तशीच राहिली, त्या ३६ किमीत ३० बोगदे आहेत. त्यामुळे रेल्वेवाटेवर जाताना भर दुपारी पण पुढचा लाईट लागतोच, आणि बोगद्यात शिरायच्या आधी गॉगल काढा, हे लोक हमखास विसरतात आणि पहिली पन्नास फूट आंधळ्यासारखी जातात. अजून एक, काही बोगदे सीझनप्रमाणे बंद असतात. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड जी २४० किमीची वाट आहे तिच्यावरचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंदच ठेवतात. कुठेही जा, निघायच्या आधी हे विचारून घ्या.

जंगलातले रस्ते लाकूड वाहणाऱ्या ट्रकसाठी केलेले असतात म्हणून वळणं रुंद आणि चढ लांबलचक पण सहन होण्यासारखा, फक्त खडी जाड असते, कधी कधी मुठीएवढी. तोडीचं काम चालू असेल त्या दिवशी तिथे जायचं नाही म्हणजे नाही, बोर्ड लावलेला असतो, तो फक्त गाड्यांसाठी आहे असं समजू नका. कालव्याचे रस्ते डोंगराच्या एकाच उंचीवरून वळत जातात त्यामुळे दमायला होत नाही, पण कठडा बहुतेक ठिकाणी नसतो, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आतल्या बाजूने ठेवा. गाडीवाटा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात बेभरवशाच्या, पाऊस पडून गेल्यावर चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मधे अशी भरते की चाक फिरायचंच बंद होतं. तेव्हा जोर लावू नका, डेरेलर (मागे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तुटतो, खाली उतरा आणि कडेच्या गवतातून सायकल ढकला.

आता टायरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निम्म्या राईड इथेच बिघडतात. टायर कमीत कमी ४० एमएम रुंद हवा, सुटी खडी जास्त असेल तर ४५. आणि हवा कमी, तुम्हाला वाटते त्याच्यापेक्षा बरीच कमी. मागे एक जण आमच्याकडे आले, सायकल एकदम मस्त, टायर ४० चे, पण पहिल्या तीन किमीतच हात बधिर झाले म्हणून थांबले. हवा मोजायचं गेज लावलं तर ६२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). तिथेच फाटकापाशी सायकल टेकवली, व्हॉल्व्ह दाबून थोडी थोडी हवा सोडत गेलो, ५०, ४२, पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ३५ वर थांबलो, आणि पुढच्या चढावर ते स्वतःच म्हणाले की अहो ही वेगळीच सायकल झाली. होतं काय की कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, आणि उडलेलं चाक ना पकड देतं ना ब्रेक. नरम टायर दगडाला पोटात घेतो आणि जमिनीला चिकटून राहतो. ७० किलोच्या माणसाला ४० एमएम ट्यूबलेसवर (आत ट्यूब नसलेला टायर) ३०-३५ ही सुरुवात धरा, दर १० किलोला दोन-तीन पीएसआय वर-खाली करा. अंगठ्याने दाबून बघणं सोडा, त्यात काही कळत नाही, छोटं गेज घेऊन टाका.

ट्यूब वापरत असाल तर मात्र इतकं खाली जाऊ नका, दगडावर आपटून टायर रिमला टेकतो आणि ट्यूब मधे चिमटली जाते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरच्या आतलं, भोक बुजवणारं पातळ द्रव) बघून घ्यावं, काही महिन्यांत ते आत सुकून जातं आणि बाहेरून कळत नाही, टायर कानाशी धरून हलवा, डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. आणि तरीसुद्धा एक ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेनची जोडकडी आणि तुमच्याच सायकलचा डेरेलर हँगर (फ्रेमला डेरेलर जोडणारा छोटा तुकडा) बरोबर पाहिजे. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आमच्या व्हॅनमधे तुमचा असेलच असं नाही.

गिअर : पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीएवढी किंवा तिच्याहून लहान असली पाहिजे. पुढे ४० दात आणि मागे ४२ चालेल, पुढे ३४ आणि मागे २८ घेऊन येऊ नका. कारण चढावर इथे उभं राहून पेडल मारता येत नाही, बूड उचललं की मागच्या चाकावरचं वजन गेलं आणि चाक घसरलं, त्यामुळे बसूनच, हलका गिअर, सॅडलच्या थोडं पुढच्या टोकावर सरकून आणि कोपर वाकवून चढायचं.

उतार हा खरा विषय आहे. लोकांना चढाची भीती वाटते पण आमच्याकडे पडतात ते सगळे उतारावर आणि ते पण वळणावर. मी स्वतः एकदा साध्या डावीकडच्या वळणावर पडलोय, स्पीड काही फार नव्हता, पण वळणाच्या आत असताना पुढचा ब्रेक दाबला, खडी बॉलबेअरिंगसारखी सरकली आणि पुढचं चाक गेलं, सावरायला वेळच नाही. तेव्हापासून प्रत्येक ग्रुपला सांगतो की ब्रेक सगळा वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही हातांनी. वळणात शिरलात की ब्रेक सोडा आणि चाकासमोर न बघता वळणाच्या बाहेर जिथे जायचंय तिथे बघा. हॅण्डल घट्ट आवळू नका, सायकल थोडी हलणारच, हलू द्या. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर डिस्क तापते, म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. आणि घसरत थांबू नका प्लीज, हे फक्त तुमच्यासाठी नाही. मागचं चाक लॉक करून घासत गेलं की रस्त्यावर जी लांब चर उमटते ना, पुढच्या पावसात पाणी तीच वाट धरतं, दोन-तीन पावसाळ्यांत तिची नाली होते आणि मग अख्खा उतार वाहून जातो. हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय, आणि असा रस्ता एकदा गेला की परत कोण करून देत नाही.

असे रस्ते टिकतात ते कोणीतरी त्यांच्यासाठी झटतं म्हणून. इटलीत टस्कनीतले पांढऱ्या खडीचे रस्ते एकेक करून डांबरी होत चालले होते, ते वाचावेत म्हणून १९९७ साली तिथे जुन्या सायकलींची एरोइका राईड सुरू झाली, आज त्याच रस्त्यांवरून मोठ्या प्रोफेशनल रेस जातात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, रस्ता वापरणारे दिसले तर रस्ता राहतो.

ट्रॅफिक नाही याचा अर्थ कोणीच नाही असा घेऊ नका. ट्रॅक्टर येतो, गुरं येतात, चालणारी माणसं असतात, मधे एखादा मोठा रस्ता क्रॉस करावा लागतो. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. घोडा दिसला तर लांबूनच बोलायला लागा, माणसाचा आवाज आला की तो बिचकत नाही, गुपचूप मागून आलेल्या सायकलला बिचकतो. गुरांच्या मधून जाताना उतरून चाला, वासरू आणि गाय यांच्या मधे तर शिरूच नका.

नेटवर्क बहुतेक दऱ्यांमधे नसतं. जीपीएक्स फाईल (रूटची रेघ असलेली, जीपीएसला चालणारी) आणि मॅप दोन्ही घरूनच डाऊनलोड करून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप या फुकट ऑनलाईन नकाशावर कच्च्या वाटांना बऱ्याच ठिकाणी ग्रेड १ ते ५ दिलेले असतात, १ म्हणजे एकदम टणक आणि ५ म्हणजे नुसती माती-गवत, आम्ही रूट आखताना ३ पर्यंतच धरतो आणि ४-५ असला तर आधी स्वतः जाऊन बघतो. पाणी तासाला अर्धा लिटर, ऊन असेल तर पाऊण, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. एकटे जात असाल तर परत यायची वेळ कोणाला तरी सांगून जा.

परत आल्यावर सायकल जोराच्या पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं, बादली आणि ब्रश पुरे. सगळे बोल्ट एकदा बघून घ्या, खडीच्या कंपनाने ढिले होतात, विशेषतः बाटलीच्या पिंजऱ्याचे. आणि वाटेत झाड पडलेलं, कडा खचलेला, नवीन कुलूप लावलेलं फाटक, असं काही दिसलं असेल तर त्याच संध्याकाळी आम्हाला मेसेज टाका, फोटो आणि लोकेशन असलं तर फारच चांगलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जो ग्रुप निघणार असतो त्यांची रूटशीट आम्ही रात्रीच बदलून देतो.